आप्पांनी ऐकलेला फोन

आमच्या माहेरी मांजर आडवं गेलं तर आम्ही मांजराला वाट देतो आणि पुढं चालायला लागतो. अशा गोष्टींशी आमचा संबंध एवढाच. अमावस्या, लिंबू-मिरची, झपाटलेलं वळण... यातलं काही आमच्या घरात कुणी मानलं नाही. मी तर निपाणीत एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. आठवीच्या पोरांकडून दरवर्षी घोकून घेते, की ओटीपी म्हणजे घराची किल्ली, ती अनोळखी माणसाच्या हातात द्यायची नाही. स्टाफरूममध्ये कुणाला बक्षीस लागल्याचा मेसेज आला की तो आधी माझ्याकडं येतो. मी बघते, हसते आणि डिलीट करायला सांगते.

म्हणजे भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि आपण कधी फसू यावर तर त्याहून नव्हता. गेल्या दिवाळीत या दोन्हींचा निकाल एकाच दुपारी लागला.

माझं माहेर बेळगुंदी — बेळगावपासून पश्चिमेला, बसनं अर्ध्या तासाच्या आत. आप्पांची थोडी शेती, भात आणि रताळी. पण त्यांचं खरं आयुष्य गेलं मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत, एका फोर्जिंगच्या कारखान्यात. तापलेल्या लोखंडावर मोठा हॅमर पडतो, त्या खात्यात. जवळजवळ तीस वर्षं. रिटायर झाले तेव्हा घरी हात-पाय धड आणले, कान तिथंच राहिले. आधी कमी ऐकू यायचं, मग फारच कमी, आणि नऊ वर्षांपूर्वी पूर्ण बंद. डॉक्टरांनी सांगितलं, कानाची नस गेलीय, मशीनचा उपयोग होणार नाही. तरी हट्टानं मशीन घेतलं. खरंच उपयोग झाला नाही.

आप्पा बोलतात व्यवस्थित, जरा मोठ्यानं इतकंच. आपण मात्र त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलायचं. ओठ थोडे वाचतात, पण फक्त आईचे, आणि तेही भांडण असेल तर.

माझी मुलगी तन्वी सात वर्षांची. म्हणजे तिचा आवाज आप्पांनी कधीच ऐकलेला नाही. हे मला त्या दिवसापर्यंत कधी टोचलंही नव्हतं.

धनत्रयोदशीचा दिवस. दुपारचे तीन-सव्वातीन. मी आणि तन्वी आदल्या दिवशीच आलो होतो, नितीन — माझा नवरा — पाडव्याला यायचा होता. घराच्या पुढच्या सोप्यात मी चकलीचं पीठ मळत बसले होते. आई आत मिक्सरवर जिरं-ओवा वाटत होती. तन्वी आईच्या पायात पायात. आणि आप्पा अंगणात फणसाच्या झाडाखाली, माझ्याकडं पाठ करून, बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील बांधत होते. मध्ये किती अंतर होतं ते मी नंतर पावलांनी मोजलं — बावीस पावलं.

फोन वाजला. दोन्ही हात पिठात, म्हणून मनगटानं उचलला आणि खांद्याला लावून मान कलती केली. स्पीकर चालू नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं त्याला महत्त्व आहे.

"उज्ज्वलाताई का? तुमचं पार्सल घेऊन येतोय ताई, पण पिनकोडात एक आकडा चुकलाय. गाडी बेळगावातच थांबलीय."

मी आठवड्यापूर्वी आईसाठी एक साडी मागवली होती, ऑनलाइन. मोरपंखी रंग, लाल काठ. त्या माणसानं साडीचा रंग सांगितला, ऑर्डरचा नंबर सांगितला, माझ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे सांगितले. आणि बोलणं कसं — अगदी आपल्या बाजूचं. मधे 'काय सांगायलोय' वगैरे. मला तर वाटलं हा कडोलीचा नाहीतर काकतीचा कुणीतरी पोरगा असेल, सणाचं उन्हातान्हात फिरतोय बिचारा.

मी म्हटलं, "लिंक वगैरे पाठवू नका हं. मी क्लिक करत नाही."

तर तो हसला. "बरोबर हाय ताई! अजिबात करू नका. आजकाल लई फसवणूक चाललीय. लिंक नको, पैसे नको. तुमच्या फोनवर डिलिव्हरीचा कोड येईल, तेवढा सांगा. मी इथं टाकला की गाडी सुटते."

इथंच माझी मान अडकली बघा. फसवणुकीपासून सावध करणाराच फसवेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि डिलिव्हरीचा कोड आपण सांगतोच की दारात आलेल्या माणसाला. मेसेज आल्याचा आवाज झाला. मी हात पदराला पुसले, फोन खांद्यावरून काढून डोळ्यासमोर धरला. वरच्या पट्टीत सहा आकडे दिसत होते. पूर्ण मेसेज मी उघडलाच नाही. आकडे दिसले, पुरे झाले.

फोन परत कानाला लावला. "घाई करा ताई, गाडी सुटायलीय," तो म्हणाला. मी तोंड उघडलं...

"उज्ज्वला, नंबर सांगू नगंस!"

आप्पा. तिथूनच, झाडाखालून. पाठ माझ्याकडंच होती. हातातली कामटी तशीच धरून ते हळूच वळले. चेहरा असा, की जणू कुणी खांद्यावर हात ठेवलाय आणि मागं कोणीच नाही.

"त्यो माणूस 'घाई करा, गाडी सुटायलीय' म्हणायलाय न्हवं? गाडी-बिडी काय न्हाय. त्याच्या मागं धा-पंधरा माणसं बसल्यात. सगळी त्येच बोलायल्यात, येगयेगळ्या नावानं."

फोनवर तो "ताई? ताई, कोड?" करत होता. मी फोन कट केला. का केला ते विचारू नका, बोट आपोआप गेलं. मग तो मेसेज उघडला. त्यात लिहिलं होतं, की नव्या मोबाइलवर तुमचं बँकेचं ॲप सुरू करण्यासाठी हा कोड आहे, तो कुणालाही सांगू नये.

त्या खात्यात आमच्या निपाणीच्या घराच्या स्लॅबसाठी साठवलेलं सगळं होतं. माझं आणि नितीनचं, आठ वर्षांचं. आप्पांना ऐकू आलं, ही गोष्ट डोक्यात शिरायलाही जागा नव्हती.

आणि मग ते घडलं, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. फोन कट झाला होता. स्क्रीन काळी. माझ्या हातात. आणि आप्पा मान वाकडी करून अजून ऐकतच होते.

"थांब थांब... त्यातली एक बाई कन्नडमधनं बोलायलीया. 'गंगव्वा अक्का, लगू हेळ्री, नंबर हेळ्री' म्हणतीया." आप्पांना कन्नड चांगलं येतं, कारखान्यात निम्मे सोबती कन्नडच होते. लगू हेळ्री म्हणजे लवकर सांगा. "मिक्सर आलाय म्हणं पोराकडनं... ही गंगव्वा कोण गं?"

आई मिक्सर बंद करून दारात आली होती. तिचा चेहरा पांढरा पडलेला. पण गावाकडची बाई — घाबरायचं नंतर, आधी काम.

"अगं, आपली गंगाकाकूच की! माहेरचं नाव गंगव्वा न्हवं का तिचं! बैलहोंगलची ती!"

गंगाकाकू आमच्या पलीकडच्या आळीत राहते. एकटी. कन्नड मुलखातनं लग्न होऊन आली तेव्हापासून गावात सगळे तिला गंगाकाकूच म्हणतात. गंगव्वा हे नाव फक्त तिच्या आधारकार्डावर आणि माहेरी. मला स्वतःला ते माहीत नव्हतं.

मी उठले आणि पळाले. अनवाणी, हाताला पीठ, साडी खोचलेली. वाटेत दोघा-तिघांनी "काय झालं गं?" विचारलं, त्यांनाही उत्तर दिलं नाही. काकू घरात नव्हती. गोठ्यात होती. म्हशीच्या दावणीजवळ उभी राहून, चष्मा कपाळावर, एका हातानं दुसरा फोन — मुलानं दिलेला जुना — डोळ्याला अगदी भिडवून, कानाला नवा फोन, आणि तोंडानं चाललंय...

"नाल्कू... एळू... ऐदू... तडी री, काणसवल्दु..." म्हणजे चार, सात, पाच, थांबा हो, दिसत नाही.

"काकू ठेवा! ठेवा तो फोन!"

काकूनं मला हातानंच 'थांब की' केलं आणि चौथा आकडा सांगितला. मी पुढं झाले आणि फोन ओढला. पीठ लागलेला हात, गुळगुळीत फोन... तो सटकला आणि सरळ म्हशीच्या आंबोणाच्या घमेल्यात गेला. म्हशीनं एकदा हुंगला आणि नाक फिरवलं.

"अगं बाई! नव्या फोनचं वाटुळं केलंस की! पोरानं मिक्सर पाठवलाय पुण्यासनं, त्येचा माणूस हुता त्यो... बाई हुती ती!"

"काकू, काय म्हणत होती ती? लगू हेळ्री म्हणत होती का?"

काकूनं कपाळावरचा चष्मा डोळ्यावर घेतला. माझ्याकडं बघत राहिली. "तुला कसं कळलं?"

मी तिथंच शेणाच्या जमिनीवर बसले आणि हसायला लागले. रडायला पण लागले असेन. काकूला काहीच कळत नव्हतं, पण मी रडते म्हटल्यावर तीही रडली. मग मी तिच्या मुलाला माझ्या फोनवरून फोन लावला. त्यानं मिक्सर पाठवलाच नव्हता. तो स्वतःच येणार होता, दुसऱ्या दिवशी. त्यानं लगेच बँकेत कळवून काकूचं खातं बंद करायला लावलं, मी माझं. सायबर पोलिसांकडं तक्रारही केली. त्यांनी सांगितलं, सणासुदीला अशा टोळ्या एकेका गावाची यादीच घेऊन बसतात. ऑर्डरची माहिती कुठून तरी फुटते आणि मग एका मागून एक फोन. म्हणजे मला आणि काकूला एकाच वेळी फोन येणं, हे एक वेळ समजण्यासारखं आहे.

बाकीचं नाही.

मी घरी परतले तेव्हा आप्पा अंगणाच्या मधोमध उभे होते. डोळे मिटलेले. आई दारात, जिऱ्याचा डबा हातात घट्ट धरून.

"वाऱ्यानं फणसाची पानं वाजायल्यात," आप्पा म्हणाले. "आणि वर कुणाच्या तरी घरात फोडणी पडली. लसणाची."

आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. बघा, नऊ वर्षं या बाईनं पाटीवर संसार केला. नऊ वर्षांचं बोलणं साठलेलं. आणि आता समोर ऐकणारा माणूस उभा, तर हिला काही सुचेना. शेवटी म्हणाली —

"च्या घेणार?"

आप्पांनी डोळे उघडले. "घेऊया की." मग जरा थांबून, "तुझा आवाज म्हातारा झाला की गं."

"मग तुमचा काय तरणाय व्हय?" आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत पळाली.

मी तन्वीला पुढं केलं. ती लाजली. एरवी तोंड बंद नसतं, पण आजोबांशी बोलायचं म्हणजे पाटी, हे तिच्या हाडात बसलेलं. ती पाटी आणायला वळली तर आप्पांनी तिचा हात धरला.

"पाटी नगं. तोंडानं बोल बाळा."

"काय बोलू?"

आप्पांनी एवढे दोनच शब्द ऐकले आणि तिला जवळ ओढलं. मग एकदम मोठ्यानं हसले. "अगं, ही तर मोठ्या घशाची निघाली! मी समजायलोतो बारीक किनरी असंल. आमच्या हॅमरच्या खात्यात चालली असती ही!"

झालं. तन्वीला तेवढंच पाहिजे होतं. तिनं शाळेतल्या सगळ्या मैत्रिणींची नावं सांगितली, कोण कुणाशी कट्टी आहे ते सांगितलं, गॅदरिंगचं गाणं म्हटलं, बाराचा पाढा म्हटला — त्यात चुकली, आप्पांनी चूक दाखवली. दाखवली! ऐकून! आप्पा खाटेवर, ती त्यांच्या मांडीवर, आणि मी तिकडं चकल्या तळते आहे. चकली तेलात सोडली की चर्र होतं ना, तेवढ्यानंसुद्धा आप्पा मान वळवून बघायचे आणि खूश व्हायचे.

नितीनला व्हिडिओ कॉल लावला. तो आप्पांना सवयीनं हात करून हसला. आप्पा म्हणाले, "बोला की जावईबापू. लग्नात तुमचं नाव घेतलेलं पण मला धड ऐकू आलं न्हवतं." नितीन फोनच खाली ठेवून गेला. दोन मिनिटांनी परत आला, नाक लाल झालेलं.

तोवर गंगाकाकू फोन तांदळाच्या डब्यात घालून आली. मागोमाग आळीतल्या चार बायका, त्यांची माणसं. काकू आप्पांच्या पाया पडायला वाकली तर आप्पा ओरडले, "उठ गं, तू माझ्याहून मोठीयास!" आणि मग विचारलं, "चार आकडं सांगितलीस न्हवं तू? चारावर थांबलीस. मी मोजायलोतो."

खरं होतं. चारच सांगितले होते. हे मी अजून घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

एखाद्याच्या अंगावर काटा आला असेल, माझ्या तर आलाच. पण भीती नाही वाटली हो. तशी भीती वाटावी असं त्या अंगणात काही नव्हतंच. गरम चकल्यांचं ताट फिरत होतं, प्रत्येकजण आप्पांशी बोलायला पुढं येत होता, अगदी रांग लावून. एकानं तर शेतातल्या बांधाचं जुनं भांडण काढलं आणि दोघंही मनापासून भांडले. आप्पा नंतर म्हणाले, लई दिवसानं बरं वाटलं.

सांजेला दिवे लावले. कंदील वर चढवला. आळीत पोरांनी मोठा बॉम्ब लावला, धडाडकन फुटला. आम्ही सगळे दचकलो. आप्पा दचकले नाहीत. ते कंदिलाची दोरी बांधत होते, बांधतच राहिले.

आधी आईच्या लक्षात आलं. ती त्यांच्यासमोर गेली आणि काहीतरी बोलली. आप्पांनी तिच्या ओठांकडं बघितलं. मग कानाला हात लावला.

"गेलं," ते म्हणाले. अगदी सहज. जणू लाइट गेली.

आई रडायला लागली. आप्पांनी तिला खाटेवर बसवलं. "अगं रडतीस कशाला? तीन तास मिळालं की. नातीचा आवाज ऐकला, तुझा ऐकला, जावयाचा ऐकला. तुझ्या चकलीचा पण ऐकला — यंदा कडक झालीया, दातानं न्हाय, कानानं सांगतोय." आई रडता रडता हसली आणि त्यांच्या दंडावर एक चापट मारली.

दिवाळी संपल्यावर मी त्यांना बेळगावात कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. बंद खोलीत बसवून पूर्ण तपासणी केली. नऊ वर्षांपूर्वीचा कागद आणि आताचा कागद शेजारी शेजारी ठेवले तर दोन्हींत काहीच फरक नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भल्या होत्या. मी सगळं सांगितलं तरी त्या हसल्या नाहीत. परत परत विचारलं, स्पीकर नक्की बंद होता? पाठ नक्की तुमच्याकडं होती? आणि त्या बाईंचा गोठा किती लांब? मी सांगितलं, मध्ये पाच घरं आहेत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ह्यांना ऐकू येणं शक्य नाही. तेव्हाही नव्हतं. मी रिपोर्टमध्ये काय लिहू?"

मी ते पाटीवर लिहून आप्पांना दाखवलं. आप्पा म्हणाले, "लिवा — बहिरंपणानं दिवाळीची सुट्टी घेतलीती."

माझ्या शाळेतले विज्ञानाचे सर म्हणतात, योगायोग असेल. आप्पा रोज पेपर वाचतात, फसवणुकीच्या बातम्या डोक्यात असतील, माझ्या बसण्यावरून ओळखलं असेल. असेल. पण मग गंगव्वा? लगू हेळ्री? चार आकडे? सर म्हणतात, विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मी बदलली. वर्गात आता मी ओटीपीची व्याख्या पाठ करून घेत नाही. माझीच गोष्ट सांगते — मी कसं तोंड उघडलं होतं ते. म्हणते, पोरांनो, मेसेज पूर्ण वाचा, आकड्यांच्या खालचं वाचा, आणि घाई करणारा माणूस आपला नव्हे. पोरं हसतात. पण मला वाटतं या वेळी त्यांच्या लक्षात राहतं.

आणि गावाकडं वेगळंच सुरू झालंय. परवा यात्रेला गेले तेव्हा बघितलं. कुणाला अनोळखी फोन आला की तो माणूस बोलता बोलता उठतो, आमच्या अंगणात येतो आणि फोन आप्पांच्या कानाला लावतो. आप्पांना काहीही ऐकू येत नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तरी लावतात. आप्पा गंभीर चेहरा करून जरा वेळ थांबतात, मग मान हलवतात आणि म्हणतात, "ठेव." माणूस ठेवतो.

मी पाटीवर लिहिलं — आप्पा, तुम्ही सगळ्यांनाच ठेव म्हणता. एखादा खरा असला तर?

आप्पांनी वाचलं. पाटी माझ्या हातात परत दिली.

"खरा असंल तर दारात यील की. च्या पाजूया त्याला."